चपलेची माती

रानातून घरी आलं की उंबऱ्याबाहेर पायांवर दोन तांबे पाणी ओतायचं, एवढीच आमच्याकडची रीत. आमचे सर मात्र कुणाच्याही शेतातून बाहेर पडताना बांधावरच बसकण मारायचे आणि चपला धुवायला घ्यायचे. त्यांच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत पाण्याची बाटली आणि दात घासायचा एक जुना, केस विस्कटलेला ब्रश कायम असायचा. त्या ब्रशनं ते चपलेच्या तळाच्या खाचा न खाचा कोरून काढायचे. मग स्कूटरच्या चाकांवर पाणी मारायचे. बरोबर कुणी पाहुणे असले, अगदी पुढारी असले, तरी त्यांनाही खाली बसवून चपला धुवायला लावायचे. कोल्हारला आमच्या वस्तीवर ते पहिल्यांदा आले तेव्हा गडीमाणसं तोंडावर उपरणं धरून हसत होती. मीही हसलो होतो.

सर राहुरीला कृषी विद्यापीठात शिकवायचे. त्यांचा विषय सूत्रकृमी. सुतासारखे बारीक, डोळ्यांना न दिसणारे किडे मातीत असतात, मुळांत शिरतात आणि आतून झाड पोखरतात, हे मला त्यांच्यामुळंच कळलं. हा किडा स्वतःच्या जोरावर फार लांब जात नाही. त्याला नेतो आपण, नांगराला, रोपाला, चपलेला चिकटलेल्या मातीतून. म्हणून माती हलवायची नाही, हा सरांचा धर्म होता. वर्गात ते शुद्ध बोलायचे म्हणे, पण आमच्याशी जामखेडकडचंच बोलायचे. "गाव सोडून दुसऱ्या गावाला जाताना माणसानं काय बी न्यावं," असं ते म्हणायचे, "पन माती न्हेऊ नये."

आमची ओळख झाली ती माझ्या अडाणीपणामुळं. मी बी.ए. करून शेतीला लागलो होतो, त्यामुळं अर्धवट ऐकायचं आणि पूर्ण कळल्यासारखं वागायचं ही खोड अंगात होती. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असल्या तर चांगलं, त्या जमिनीला खत देतात, असं मी एका मेळाव्यात ऐकलं होतं. त्या वर्षी माझ्या टोमॅटोच्या मुळांवर गाठीच गाठी निघाल्या. मी हरखून गेलो. झाडं दुपारी माना टाकत होती त्याला मी पाण्याची ओढ समजत होतो आणि पाणी वाढवत होतो. मग पुढच्या मेळाव्याला मी पाटीभर टोमॅटोची झाडं मुळांसकट घेऊन गेलो, बक्षीस मिळेल अशा थाटात. सर त्या पाटीपुढं उकिडवे बसले. त्यांनी एक मूळ उचललं, नखानं गाठ काढायचा प्रयत्न केला, तसं मूळच तुटलं. हरभऱ्याची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, नखानं अलगद निघते, आणि ही गाठ म्हणजे मूळच सुजलेलं आहे, एवढं त्यांनी मला शांतपणे समजावलं. शंभर लोकांसमोर ते मला हसले नाहीत. मात्र पाटीतली माती बघून त्यांचा चेहरा पडला. ती अख्खी पाटी मी एसटीनं आणली होती.

लोकांना ते विक्षिप्त वाटायचे आणि ते होतेच. राहुरीच्या बाजारात मेथीची जुडी मुळांसकट मिळते. सर जुडी उलटी धरायचे, मुळं चोळून बघायचे आणि ठेवून द्यायचे, मग दुसरी उचलायचे. भाजीवाल्या त्यांना ओळखून होत्या. "सर, घ्यायची तर घ्या, न्हाईतर फुडं व्हा. मुळ्या काय भाजीत घालनार हाय का?" असं त्यातली एक म्हातारी दर बाजाराला म्हणायची, आणि सर दर बाजाराला तिच्याकडूनच मेथी घ्यायचे. कुणी काहीही तक्रार सांगितली, झाडाची असो की मुलाची, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, मुळं बघितली का. पानांवर त्यांचा विश्वास नव्हता. पानं उशिरा बोलतात आणि बऱ्याचदा खोटं बोलतात, असं त्यांचं मत होतं.

एकदा आमच्या घरी आले. आई आत चहा टाकत होती. अंगणातली तुळस थोडी पिवळी पडलेली त्यांनी पाहिली, आणि मी चप्पल काढेपर्यंत तुळस उपटून त्यांच्या हातात होती. मुळांवर गाठी होत्या, हे खरं. पण आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिला गाठी दिसल्या नाहीत, उपटलेली तुळस आणि ती उपटणारा माणूस दिसला. सर बौद्ध होते, गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. सर गेल्यावर आई जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. त्यात तुळशीपेक्षा दुसराच राग जास्त होता, आणि मला आईची लाज वाटली. पुढच्या रविवारी सर पत्र्याच्या डब्यात माती घेऊन आले. ती त्यांनी घरच्या चुलीवर चांगली भाजून आणली होती, आणि तिच्यात तुळशीचं नवं रोप लावलेलं होतं. आईपुढं डबा ठेवून ते म्हणाले, "माय, चुकलं माझं. विचारून उपटाया पाहिजे हुती."  त्या दिवशी आई त्यांना जेवल्याशिवाय जाऊ देईना, आणि स्वयंपाकघरात पाट मांडून तिनं त्यांना वाढलं. आज आमच्या दारात आहे ती त्याच तुळशीच्या बियांची.

सरांच्या घरी मी बाईंना रानातली भाजी द्यायच्या निमित्तानं जायला लागलो. बाई म्हणजे त्यांची बायको. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे, आणि सरही बाईच म्हणायचे. संधिवातानं त्यांच्या बोटांची पेरं सुजली होती, मग बोटं वाकडी झाली. खडू धरता येईना तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढं वेणी घालणं गेलं, घास तोंडात नेणं गेलं. हे सगळं सर करायचे. सकाळी त्यांची वेणी घालून, दुपारचं ताट झाकून, मग कामावर जायचे. वेणी कायम एका बाजूला ओढलेली असायची. "सरांनी घातलीय, मुळासारखी वाकडी," असं बाई म्हणायच्या आणि सर मान खाली घालून हसायचे.

राहुरीच्या त्या भाड्याच्या घरामागं परस होतं आणि परसात भिंतीवर चढवलेली जाई. बाईंनी हात चालत होते तेव्हा ती लावलेली. संध्याकाळी सर फुलं खुडून त्यांच्या मांडीवर ठेवायचे. गजरा दोघांपैकी कुणालाच करता यायचा नाही, मग फुलं तशीच ओंजळीत घेऊन बाई बसायच्या. अशाच एका संध्याकाळी सरांनी मला त्यांचं वेड समजावून सांगितलं. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. कुणी चावलं, कुणी मुळात शिरलं, की त्याच्या अंगात काही रस तयार होतात आणि सगळ्या झाडभर बातमी जाते. मग झाड आपल्या भिंती जाड करतं, कडू होतं, शत्रूला जेवण मिळू देत नाही. पुस्तकात त्यांना संप्रेरकं म्हणतात. त्यातला एक रस ॲस्पिरिनच्या जातीचा. दुसरा जाईच्या फुलात सापडला.

"ह्यो वास हाय न्हवं," बाईंच्या ओंजळीकडं बोट करून सर म्हणाले, "त्याच्यातच झाडाचा हाकारा हाय. आपन खूश हुतो. झाडं सावध हुत्यात."

अडचण अशी होती की सूत्रकृमी चोरपावलानं येतो. झाडाला बातमी लागेपर्यंत तो आत जाऊन बसलेला असतो आणि मुळालाच फसवून स्वतःसाठी जेवण रांधून घेतो. गाठ म्हणजे त्याचं स्वयंपाकघर. सरांचं म्हणणं असं की रोप रानात लावायच्या आधीच त्याची मुळं त्या ॲस्पिरिनच्या भावंडाच्या पातळ पाण्यात बुडवली, तर ते जागं होऊनच रानात जाईल. किडा मारायचा नाही, मातीत विष घालायचं नाही, फक्त झाडाला आधी उठवायचं. कुंड्यांमध्ये त्यांना हे दिसलं होतं. पण कुंडीतलं खरं कोण धरतं. शेतकऱ्याच्या रानात, गाठींनी भरलेल्या मातीत, एक तरी हंगाम ते उभं करून दाखवायला हवं होतं. आणि गाठींनी भरलेली माती माझ्याइतकी त्यांच्या ओळखीत कुणाकडंच नव्हती.

आता या सगळ्यात बाईंची एकच मागणी होती. त्यांना जामखेडला घरी जायचं होतं. जामखेडजवळ सरांचं वडिलांच्या वेळचं घर होतं आणि घरामागं कोरडवाहू रानाचा तुकडा. बाईंची बहीण, भाच्या, शाळेतल्या मैत्रिणी सगळ्या तिकडं. हात पुरते जायच्या आत त्यांना तिथं राहायचं होतं, माणसांत. एकट्या त्या जाऊ शकत नव्हत्या, वेणीपासून घासापर्यंत सगळं सरांच्या हातात. सर निवृत्त व्हायला आले होते. उन्हाळी टोमॅटोचा हंगाम संपला की निघायचं असं त्यांनी बाईंना सांगितलं. माझ्यासमोरच सांगितलं. "एवढा हंगाम हुंद्या, बाई. मंग मी तुमचाच."

शेतीच्या माणसाला वेळ हंगामातच मोजता येतो. एकदा चुकलं की चार-सहा महिने थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. सरांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी ती चूक केली. एकाच हंगामात नक्की फरक दिसावा, कुणाला शंकेला जागा राहू नये, म्हणून त्यांनी बुडवायच्या पाण्याची मात्रा वाढवली. कुंडीत दिली होती त्याच्या दुप्पट केली. मी विचारलंही की सर, एवढं कशाला. मला म्हणाले की आता परत करायला वेळ नाही, जे व्हायचं ते ठसठशीत होऊ दे.

रोपं लावली. शेजारच्या सऱ्यांत साधी, न बुडवलेली रोपं, आणि इकडं सरांची. दर रविवारी ते स्कूटरवर यायचे, सऱ्यांमधून हिंडायचे, बांधावर बसून चपला धुवायचे आणि बाईंना जेवायला घालायच्या वेळेपर्यंत परत जायचे. महिन्याभरातच मला फरक दिसायला लागला आणि तो बोलून दाखवायचं माझ्या जिवावर आलं. सरांची रोपं हिरवीगार होती, पण वाढतच नव्हती. साधी रोपं कमरेला आली, काठ्या बांधाव्या लागल्या, आणि यांची वीतभरच. उन्हाळ्यात साध्या झाडांनी नेहमीप्रमाणे माना टाकल्या, तरी टाकता टाकता पाटीभर फळ देऊन गेली. सरांच्या झाडांनी मान टाकली नाही. फूल लागलं नाही, फळही नाही.

शेवटी सरांनी एक झाड उपटलं. पाटाच्या पाण्यात मुळं हलवली. पांढरीशुभ्र मुळं, एक गाठ नाही. मी आयुष्यात एवढी सुंदर मुळं पाहिली नव्हती. सर बराच वेळ ती मुळं बोटांवर घेऊन बसले.

मला समजावताना त्यांचा आवाज कोरडा होता. झाडाकडं बळ तेवढंच असतं. ते पहाऱ्याला लावलं तर वाढीला राहत नाही. पातळ पाणी दिलं असतं तर झाड नुसतं जागं झालं असतं. आपण त्याला इतकं भेदरवलं की ते जन्मभर भिंतीच बांधत बसलं. मग अचानक ते बाईंबद्दल बोलायला लागले. नगरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की बाईंच्या आजारात बाहेरचा शत्रू कुणी नाहीच. अंगातली राखण करणारी शक्तीच चळते आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडते.

"तिच्या अंगातले राखनदारच घरच्यास्नी मारायलेत," सर म्हणाले. "आन मी हितं बसून झाडास्नी तेच शिकवायलो."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर राहुरीला गेलो, कारण त्यांना एकट्याला पाठवायला मन धजेना. ते उपटलेलं झाड त्यांनी कागदात गुंडाळून घेतलं होतं. बाईंपुढं ते ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, चुकलेली मात्रासुद्धा. अजून एक हंगाम लागेल हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते न सांगताही तिघांना कळलं होतं. बाईंनी दोन्ही तळहातांत ते झाड धरलं, बोटं मिटत नव्हती म्हणून ओंजळीतच. मुळं बघितली, वीतभर शेंडा बघितला.

"ह्ये मेलं न्हाई," बाई म्हणाल्या. "पन जगलं बी न्हाई की हो."

सरांनी मान खाली घातली. मग बाईच म्हणाल्या की करा अजून एक हंगाम, अर्धं टाकून घरी आलात तर तिकडं माझ्यासमोर नुसते बसून राहाल, ते मला बघवायचं नाही. त्यांनी हे हसत म्हटलं. त्यांना किती जायचं होतं हे मला माहीत होतं, सरांना तर माहीत होतंच. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की सर, तुम्ही जा, मी रोपं बघतो. पण मात्रा, मुळं मोजणं, हे माझ्याच्यानं होणारं नव्हतं, आणि त्यांनी ते माझ्यावर सोपवलंही नसतं.

पावसाळी टोमॅटोला पुन्हा रोपं बुडवली, या वेळी अगदी पातळ पाण्यात. सर निवृत्त झाले, तरी राहुरीचं घर सोडलं नाही. रोपं वाढली. साध्या झाडांच्या बरोबरीनं वाढली, फुलं आली. सर माझ्याशीही फार बोलत नव्हते, जणू बोललं तर नजर लागेल.

फळं धरत असताना बाईंना ताप आला. आधी साधा वाटला. मग छाती भरली, मग नगरला नेलं. मी टेम्पोनं टोमॅटोची रोजची खेप टाकून तसाच दवाखान्यात गेलो तेव्हा सर बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर बाईंचा कंगवा होता. सकाळी वेणी घातली होती, असं ते म्हणाले. एवढंच म्हणाले. मला समजलं आणि मी त्यांच्या शेजारी बसून रडलो. ते रडले नाहीत. जामखेडला बाई गेल्या त्या अशा, दहनापुरत्या.

प्रयोगाचं सांगायचं तर तो जमला. मुळं पांढरीशुभ्र नव्हती, गाठी होत्या, पण शेजारच्या सऱ्यांपेक्षा कितीतरी कमी, आणि फळ कुठं कमी पडलं नव्हतं. झाडं सावधही होती आणि जगलीही होती. सर शेवटच्या तोड्याला आले, ठरल्याप्रमाणे झाडं उपटली, मुळं धुतली, मोजली, लिहून घेतली. मी म्हणालो, "सर, जमलं की." त्यांनी हातातलं मूळ माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, "हां. आता ह्ये कुनाला दाखवू?" मग बांधावर बसून त्यांनी चपला धुतल्या, नेहमीसारख्याच, खाच न खाच.

राहुरीचं घर सोडायच्या दिवशी माझाच टेम्पो होता. सामान फार नव्हतं. दोन पेट्या, पुस्तकं, बाईंची खुर्ची. सगळं भरून झालं आणि सर परसात जाऊन येईनात म्हणून मी मागं गेलो. त्यांनी जाई भिंतीवरून सोडवून छाटली होती आणि बुंध्याभोवती गोल खणत होते, मुळांना धक्का लागू नये अशा बेतानं. ढेकूळ एवढं मोठं निघालं की दोघांना उचलावं लागलं. ते ओल्या गोणपाटावर ठेवून सर त्याचे कोपरे वर बांधायला लागले.

इतक्या वर्षांची सवय. मी पिशवीतून बाटली आणि ब्रश काढून पुढं केला. म्हटलं, "सर, मुळं धुवायची ना? जाईला बी गाठी येत्यात, तुमीच सांगितलंय."

"आसतील," सर म्हणाले. "न्हाई बघायच्या."

मला राहवेना. तिकडचं रान कोरडं आहे, निरोगी आहे, इथली एवढी माती तिथं गेली तर कायमची गेली, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी तेवढंच म्हणालो, "सर, मातीसकट न्हेताय."

त्यांनी गोणपाटाची गाठ घट्ट केली. ढेकळाच्या बाजूची सुटलेली माती तळहातानं गोळा करून आत सारली, एक खडासुद्धा मागं ठेवला नाही.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "ही तिनं हातानं लावली हुती. तिला न्हेतो म्हनलं हुतं मी."

ते पुढं माझ्याजवळ बसले नाहीत. मागं सामानात, जाई दोन्ही पायांच्या मध्ये धरून बसले. नगर गेलं, पुढचे उजाड माळ गेले, आरशात दर वेळी ते तसेच दिसत होते. जामखेडच्या त्या घरामागं बाईंच्या बहिणीनं खड्डा खणून ठेवला होता. सर टेम्पोतून उतरले ते राहुरीची माती लागलेल्या चपला घालूनच रानात शिरले, आणि खड्ड्याशी बसून, मुळांकडं एकदाही न बघता, त्यांनी जाई आत ठेवली.